पाच उरले

छप्पन सालच्या धम्मदीक्षेपासून आमच्या समाजात लग्नासाठी पत्रिका पाहणं बंद झालं. ऐंशीनंतर आमच्या सावली गावात मात्र पत्रिकेच्या जागी एका गुरुजींची पाटी येऊन बसली. मुलाकडचे मुलगी पाहायला निघाले की हे गुरुजी सोबत. आधी अंधश्रद्धेवर भाषण ठोकायचे आणि मग पिशवीतून पाटी काढायचे. लोका सांगे ब्रह्मज्ञान! या माणसाचा मला तेव्हाही राग होता, आजही आहे.

माझ्या मोठ्या बहिणीला, आमच्या बाईला, पाहायला आले तेव्हा मी मॅट्रिकला होते. "तीन आकडे सांग, पोरी," गुरुजी म्हणाले. ती म्हणाली, तीन, पाच, आठ. "आता पुढं तेच उलटे लिही." तिने ३५८८५३ लिहिलं. त्यांनी सातने भागलं, पाच उरले. "गणित आहे हे. बाकी उरली म्हणजे जुळत नाई." मंडळी चहा पिऊन उठली. आमच्याकडे ना शेत होतं, ना घरात कोणी नोकरीला. दोष मात्र आकड्यांवर गेला.

बहिणीने तो स्वतःवर घेतला. लोकांच्या शेतात भाताच्या रोवणीच्या चिखलातही मधेच म्हणायची, "मी दुसरे आकडे सांगायले पायजे होते." ऐकून माझा जीव तुटायचा.

पुढे त्याच मुलासाठी गुरुजी आमच्याच गल्लीतल्या एका मुलीकडे आले. त्या मुलीचे वडील माजरीला कोळसा खाणीत होते. मी पोहे द्यायला गेले होते. तिथे गुरुजी म्हणाले, "तेच आकडे पुन्हा सरळ लिही." सातने भागलं, अकराने भागलं, तेराने भागलं, बाकी कुठेच नाही. जुळलं!

घरी येऊन मी गणितं करत बसले. कोणतेही तीन आकडे सरळ दोनदा लिहिणं म्हणजे त्या संख्येला एक हजार एकने गुणणं. आणि सात, अकरा, तेरा यांचा गुणाकारच एक हजार एक. बाकी उरेल कुठून? उलटे लिहिले तर मात्र सात बहुतेक वेळा आडवा येतो. बहिणीला सांगितलं, तर म्हणाली, "गुरुजी कायले खोटं करतीन?"

मी डीएड करून जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले आणि गुरुजींना आमचं घर आठवलं. या खेपेला स्वतःच्या मुलासाठी आले होते. "तीन आकडे सांग, पोरी. मंग तेच पुन्हा सरळ लिही." नोकरीवालीला सरळ! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी ३५८३५८ लिहिलं. गुरुजींनी तिन्ही वेळा भागून दाखवलं, बाकी शून्य. "जुळलं," ते म्हणाले.

"हे माझ्या बाईचे आकडे आहेत," मी म्हटलं. "तिले काऊन उलटे लिहायले लावले?"

गुरुजी पाटी पुसू लागले. "गंमत असते ती," म्हणाले. गंमत!

बहीण चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होती. "म्हणजे माहे आकडे बराबर होते," ती म्हणाली, आणि चहा तसाच आत घेऊन गेली.