सात तारांचा पीळ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. वहिनींना नाही, बायकोला नाही — आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. आत्ताही एवढं लिहून उठलो, दाराला कडी आहे ना ते बघून आलो. कोण येणार आहे? ज्यांच्या येण्याला मी दहा वर्षं भ्यालो ते बसाप्पा मिस्त्री गेल्या महिन्यात वारले. भीती मात्र त्यांच्याबरोबर गेली नाही.

माझा थोरला भाऊ, दादा, पुस्तकांचा टेम्पो चालवायचा. फिरतं वाचनालय. कोल्हापुरातून निघून गगनबावड्याच्या रस्त्यावरच्या गावांत थांबत जायचा. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला. रविवारी त्याच्याबरोबर नोंदी करायला जायचो. खरं तर नोंदी थोड्या, वाचन जास्त. परतताना दादा दर वेळी एकच विचारायचा, “आज किती वाचलीस रं?”

पावसाळ्यात तिकडे भर दुपारी टेम्पोत पुस्तकांच्या पाठीवरची नावं दिसत नसत. म्हणून आत ट्यूब आणि पंखा बसवायचं ठरलं, आणि त्यासाठी दुसरी बॅटरी — गाडी चालू असताना इंजिनावर चार्ज होणारी. हे काम केलं कागलच्या बसाप्पा मिस्त्रींनी. घरात कानडी, दारात मराठी बोलणारा माणूस. तारा जोडता जोडता समजावून सांगायचे.

“हे बघा, दोन बॅटऱ्या म्हंजे दोन भाऊ. इंजिन चालू हाय तवर एका पंगतीला जेवायचं. इंजिन बंद झालं की चूल येगळी. मधलं दार म्हंजे हा रिले. धाकट्यानं दिवसभर ट्यूब जाळली तरी थोरल्याच्या ताटाला हात लागत न्हाय.”

दादा माझ्याकडे बघून हसला. “आमच्यात उलटं हाय मिस्त्री. धाकटा बसून वाचतोय, थोरला गाडी ओढतोय.”

पुढून मागे एक जाड केबल नेली होती. दोन्ही बॅटऱ्यांजवळ एकेक फ्यूज — दोन स्क्रूंच्या मधली पातळ पट्टी. मागच्या फ्यूजवर मिस्त्रींनी लाल डबी बसवली. त्यांची शाळा कानडीतली. मराठी लिहायला संकोचायचे. मला म्हणाले, “तम्मा, तुझं अक्षर चांगलं. तूच लिही.” तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं, झाकणावर चिकटवलं — ‘फ्यूज उडाला तर तार बांधू नये. मिस्त्रीला बोलवावे.’

माझंच अक्षर होतं ते.

पुढचं लिहायला मला तीन दिवस लागले. रोज कागद काढतो, पेनाला टोपण लावतो. कशाला भितो मी अजून?

श्रावणातला एक रविवार. आठवडाभर ट्यूब मंद होत चालली होती. त्या दुपारी पिवळी पडली. दादाने सकाळीच चिडवलं होतं — “एवढी पुस्तकं खाल्लीस, पर साधा बल्ब बदलाय येत न्हाय तुला.” तो समोर चहाला गेला होता. माझ्या हातात एक कादंबरी होती, शेवटची चाळीस पानं उरलेली. मी डबी उघडली. पट्टी तुटलेली. म्हणजे मागची बॅटरी चार्जच होत नव्हती. कागलला जायचं तर गाडी दोन दिवस उभी राहणार. आणि घरी फ्यूज उडाला की आपण काय करतो? तार बांधतो. सगळेच बांधतो.

पट्टी का तुटली असेल, हा प्रश्न मला पडला नाही. मला — ज्याला प्रत्येक पुस्तकाखाली प्रश्न लिहून ठेवायची सवय!

जुन्या वायरीच्या तुकड्यातल्या तांब्याच्या सात तारा काढल्या. त्यांना पीळ दिला, दोन स्क्रूंमध्ये आवळल्या, झाकण लावलं. पुढच्या गावापर्यंत गाडी चालली, तिथे ट्यूब पांढरीशुभ्र लागली. दादा म्हणाला, “काय केलंस रं?”

“काही नाही. स्क्रू ढिला होता.”

“शाब्बास! शिकलेला हायस की!” त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. त्यानंतर खरं कसं सांगणार होतो? सांगता आलं असतं. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, पुढच्या रविवारीसुद्धा. मी ती चाळीस पानं वाचून काढली.

तिसऱ्या आठवड्यात, मी कॉलेजात असताना, टेम्पो पेटला. एका गावात उभा होता, इंजिन बंद. पत्र्याच्या भोकात बसवलेलं रबर गळून पडलं होतं आणि केबल तिथे घासत होती. पट्टी म्हणूनच तुटली होती. पट्टी असती तर ती पुन्हा तुटली असती, आणि ट्यूब पुन्हा मंद झाली असती — एवढंच. तांब्याची तार तुटली नाही. केबल पेटली.

दादा बाहेरच होता. तो पुस्तकं काढायला आत गेला. एकदा नाही, तीनदा.

चार दिवस तो दवाखान्यात होता. दुसऱ्या दिवशी, घरून कपडे आणतो असं वहिनींना सांगून मी जळका टेम्पो बघायला गेलो. डबी वितळली होती. स्क्रू सोडवून तारा काढल्या, खिशात घातल्या. भाऊ जिवंत होता, त्याचा श्वास अडकत होता, आणि मी पुरावा काढत होतो. परत आलो तेव्हा त्याने डोळे उघडून विचारलं, “किती वाचली रं?” क्षणभर मला कळलंच नाही तो काय विचारतोय. मी म्हणालो, “सगळी.” तेही खोटंच.

तो गेल्यावर मिस्त्री भेटायला आले. अंगणात पाय ठेवताच वहिनी ओरडल्या, “घराला आग लावलासा, आता राख बघाय आलासा?” ते चपला हातात घेऊन तसेच उभे राहिले. मग फाटकाशी मला हळूच म्हणाले, “तम्मा, गाडी बघून आलोय मी. मागचा फ्यूज जागेवर न्हाय, उडालाय. फ्यूज उडाल्यावर केबल पेटती कशी? तू मधी हात लावला न्हाईस न्हवं?”

“नाही.”

त्यांनी मान डोलावली. माझ्यावर विश्वास ठेवला. “मग माझंच कुठंतरी चुकलं,” म्हणाले, आणि गेले.

त्यांनी गाडीच्या वायरीला पुन्हा हात लावला नाही. कागलला पंख्यांची कॉइल भरत बसायचे, असं ऐकत होतो. मी त्या रस्त्याने जाणं सोडलं. रबर जळल्याचा वास कुठेही आला की मी तिथून निघून जातो. दारावर थाप पडली की वाटे — आले, त्यांना कळलं.

कळलं नाही. गेल्या महिन्यात भेटायला गेलो तेव्हा त्यांची मुलगी म्हणाली, “बाबा शेवटपर्यंत तेच म्हणायचे, फ्यूज उडालावता, मग केबल पेटली कशी? तुम्ही शिकलेले. तुम्हाला काय वाटतं?”

समोर भिंतीला त्यांचा हार घातलेला फोटो होता. मी म्हणालो, “काय सांगणार?”

तारा माझ्या टेबलाच्या खणात आहेत. काळ्या पडल्यात, पण पीळ तसाच आहे. एकही तुटलेली नाही.

लावला होता, मिस्त्री. मी हात लावला होता.