चिमूटभाऊंची चाचणी

आमच्या प्रयोगशाळेत अकलेची टंचाई कधीच नव्हती. ती वापरायची सवय तेवढी कुणाला नव्हती. अपवाद एकच, आणि त्यालाच सगळे हसायचे. ते आमचे टेक्निशियन, चिमूटभाऊ. हे नाव मीच पाडलं होतं. मी तिथली कारकून, असल्या उद्योगांना मला भरपूर वेळ असायचा.

काम मोठं नाजूक. कॅल्शियम आणि नायट्रोजनचा एक काळपट पदार्थ, थरावर थर असलेला. दोन थरांच्या मध्ये मोकळे इलेक्ट्रॉन, कुठल्याच अणूला बांधील नसलेले. आमच्या साहेबांना हा पदार्थ का आवडायचा, ते मला तिथेच कळलं. तो द्रवात टाकून यंत्राची कंपनं दिली की थर सुटे होतात आणि कागदाहून हजारो पटींनी पातळ पापुद्रे तरंगत राहतात. मात्र द्रवात पाण्याचा अंश असला की संपलं. अमोनिया सुटतो आणि खाली उरतो नुसता चुना.

म्हणून चिमूटभाऊ बंद काचपेटीच्या रबरी हातमोज्यांत कोपरापर्यंत हात घालून बसायचे. नवी बाटली आली की तिच्यातला थोडा द्रव काढायचा, त्यात चिमूटभर पदार्थ टाकायचा आणि अर्धा तास टक लावून बघायचं. बुडबुडे दिसले की अख्खी बाटली बाद. घामानं त्यांची बोटं कायम सुरकुतलेली. त्यांची मुलगी विचारायची, "बाबा, तुम्ही तिथे धुणी धुता का?" घरी अंथरुणाला खिळलेली बायको, वय छप्पन्न, आणि नोकरी वर्षाच्या करारावर. या कामाला बाहेर कुत्रं विचारत नव्हतं.

साहेबांच्या डोळ्यांत ती चिमूट खुपायची. "दर वेळी इतका पदार्थ वाया? हा काय पोरखेळ आहे?" म्हणाले आणि मला नोटीस सांगितली: परवानगीशिवाय चाचणीसाठी पदार्थ वापरल्यास कारवाई होईल. मी टाइप केली, त्यांनी झोकात सही ठोकली, मी फाईलला लावली.

मग तपासणी समिती आली. त्याच सकाळी द्रवाची नवी बाटली आली होती. चिमूटभाऊ म्हणाले, "साहेब, अर्धा तास द्या. एक चिमूट टाकून बघतो."

"नोटीस वाचता येत नाही का? बाटलीवर लिहिलंय ना, पाणी नाही म्हणून!"

बाटलीवर लिहिलंय! एवढा शिकलेला माणूस, आणि लेबलावर विश्वास ठेवतो.

सगळा पदार्थ त्या द्रवात गेला. समितीचे लोक आत येईपर्यंत काळपट द्रव दुधासारखा पांढरा झाला होता आणि कुपीचं बूच वर उचललं जात होतं. साहेबांनी ऐटीत कुपी हातात घेतली. बूच फटकन उडालं आणि खोलीत न धुतलेल्या मुतारीचा वास पसरला. समितीच्या बाईंनी नाकाला रुमाल लावला.

"टेक्निशियननं चाचणीच केली नाही," साहेब म्हणाले. डोळ्याची पापणीही लवली नाही.

"चाचणी बंद करायची नोटीस होती, साहेब," चिमूटभाऊ म्हणाले.

"कसली नोटीस?"

सगळे माझ्याकडे वळले. फाईल माझ्या काखेतच होती. साहेबही बघत होते, आणि त्यांची नजर काय सांगत होती ते मला नीट कळत होतं.

"बघावं लागेल," मी म्हणाले.

चिमूटभाऊंचा करार वाढला नाही. शेवटच्या दिवशी काचपेटीची किल्ली द्यायला ते माझ्या टेबलाशी आले.

"ताई, ती नोटीस सापडली का?"

"नाही हो. सगळं पालथं घातलं."

"असू दे. तुम्ही नीटच बघितलं असेल," ते म्हणाले. किल्ली ठेवताना त्यांची ती सुरकुतलेली बोटं मला दिसली. त्यांनी टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

त्याच आठवड्यात साहेबांनी नवी नोटीस सांगितली: यापुढे प्रत्येक नव्या बाटलीची चिमूटभर पदार्थ टाकून चाचणी करणे सक्तीचे आहे. मी टाइप केली, एकही चूक न करता. मग फाईल उघडली आणि जुन्या नोटिशीच्या बरोब्बर वर लावून टाकली.