मेंढरांच्या घंट्या थांबतात तेव्हा

महोत्सवाला फिल्म रविवारी पाठवायची होती आणि आमच्या लांडग्याला कुणी भीत नव्हतं. बारा मिनिटांची शॉर्ट फिल्म. माळावर कळप चरतोय, लांडगा येतो, मेंढपाळाचा लाडका मेंढा नेतो. सांगलीत मित्रांना दाखवली, तर ऐन लांडग्याच्या वेळी दोघांनी मोबाइल काढले. मी चिडले. गोष्ट म्हसवडच्या बिरूतात्यांची, त्यांच्यावर खरंच गुदरलेली. म्हटलं, त्यांनाच दाखवू. त्यांना खोटी वाटली तर पाठवायचीच नाही.

शुक्रवारी सकाळी सहाला गाडी काढली. पलूसला कॅमेरावाला सलीम चढला, विट्यात चहा-भजी झाली. पुढे मायणी, दिघंची. ऊस मागे पडतो आणि उघडा माळ सुरू होतो. टपऱ्या विरळ आहेत, पाणी सोबत ठेवा. कळप बघायचे तर दिवाळीआधी जा, नंतर ते चारणीला लांब निघतात.

तात्या बाभळीखाली बसले होते. मी लॅपटॉप समोर ठेवला, फिल्म लावली, तर त्यांनी डोळेच मिटले.

"तात्या, बघताय ना?"

"ऐकतुय की."

लांडग्याचा प्रसंग आला. ढोल चढला, सगळ्या घंट्या एकदम खणखणल्या. तात्या हसायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आवं बाय, लांडगा आला म्हंजी घंट्या वाजत्यात व्हय? मेंढरं चरायची थांबत्यात, मान वर करत्यात. समद्या घंट्या गप. तवा आमी काठी उचलतो."

"पण लांडगा दिसतो कुठनं?" सलीमने विचारलं.

"कवा दिसतुय त्यो? दिसंस्तवर मेंढरू गेल्यालं असतंय."

सलीमने लॅपटॉपवर तो प्रसंग पुन्हा लावला. त्याचा कॅमेरा गवतातून लांडग्याच्या मागे नुसता पळत होता. आम्ही प्रेक्षकाला सगळं आधीच दाखवून टाकलं होतं, मग त्याने घाबरायचं कशाला?

दुपारभर मी माइक घेऊन कळपामागे फिरले. प्रत्येक घंटीचा आवाज वेगळा. तात्या पाठमोरे बसून सांगायचे, "ती लंगडी. लय मागं ऱ्हातीया." सलीमने कॅमेरा तिकाटण्यावर ठेवला आणि एकच शॉट घेतला: तात्यांचा कान, मान, जमिनीवरची काठी. जेवायला त्यांच्या सुनेने बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं वाढलं. पैशाचं नाव काढलं तर रागावली.

घरी आल्यावर ढोल काढून टाकला. चित्रात फक्त तो कान. घंट्या एकेक करून कमी केल्या. शेवटी लंगडीची थांबते, मग नुसता वारा. मला ते फार आवडलं, आणि म्हणूनच खात्री वाटेना. रविवारी दुपारी तात्यांना फोन लावला. त्यांच्या साध्या फोनवर चित्र दिसत नाही, म्हणून फोन स्पीकरजवळ धरला.

घंट्या थांबल्या. पलीकडेही आवाज नाही. मला वाटलं फोन कट झाला. तेवढ्यात काठी फरशीवर घासल्याचा आवाज आला.

"बाय," तात्या अगदी हळू म्हणाले, "फुडं काय झालं?"

गोष्ट त्यांचीच होती. मी फिल्म पाठवून दिली.