‘टी’पर्यंतची डिक्शनरी

बारा अक्षरांहून छोटा इंग्रजी शब्द मामांच्या खिजगणतीत नसे. आमच्या राहू गावचे हे मामा साखर कारखान्यात टाइमकीपर होते. दौंडच्या रद्दीवाल्याकडून आणलेली त्यांची डिक्शनरी ‘टी’पर्यंतच होती, पुढची पानं भेळवाल्याकडे गेली असावीत.

संध्याकाळी दूध डेअरीच्या पायरीवर बसून ते शब्द टाकायचे. आम्ही अर्थ सांगायचा, चुकेल त्याने चहा सांगायचा. कुणी मोबाइल काढला की ओरडायचे, “ठिवा खिशात! ह्यो खेळ न्हाई, कॉपी हाय.”

‘टी’च्या पुढच्या शब्दांचा निवाडा माझ्याकडे. मी हायस्कूलचा इंग्रजीचा मास्तर ना! एकदा त्यांनी कुठूनसा ‘अल्ट्राक्रेपिडेरियन’ आणला. “सर, ह्याचा अर्थ काय वो?” शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. पण चारचौघांत मास्तरने नाही कसं म्हणायचं? “महाविद्वान,” मी ठोकून दिलं. मामांनी वहीत लिहून घेतलं, खाली माझं नाव.

घरी येऊन मोबाइलवर पाहिलं. ज्यातलं ओ की ठो कळत नाही, त्यावर मत ठोकणारा! म्हणजे साक्षात मीच.

सकाळी कबुली द्यायला गेलो, तर मामा पाहुण्यांना सांगत होते, “हे आमचे सर. अल्ट्राक्रेपिडेरियन माणूस!” पुढे जावयाला, सरपंचाला, एसटीच्या कंडक्टरलाही हीच ओळख. मी दर वेळी नम्रपणे मान तुकवली. उद्या सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता मामाच गेले.

दहाव्याला घाटावर कावळा पिंडाला शिवेना. मामांचा मुलगा म्हणाला, “दादा, आईला सांभाळीन.” पुतण्याने बांधाचं भांडण सोडलं. फांदीवरचा कावळा ढिम्म. तो माझ्याकडेच बघत होता. तेवढ्यात मागून आवाज आला, “अल्ट्राक्रेपिडेरियन सरांना फुडं घ्या. मामांचा लई जीव व्हता त्यांच्यावर.”

मी पुढे झालो, हात जोडले आणि ओठातल्या ओठात खरा अर्थ सांगितला. कावळा उतरला.

“काय कबूल केलं वो, सर?” मुलाने डोळे पुसत विचारलं.

“डिक्शनरी पुरी करीन म्हणालो,” मी पुन्हा ठोकून दिलं.

दुसऱ्या दिवशी त्याने डिक्शनरी आणि वही, दोन्ही घरी आणून दिली. गाव मला अजून त्याच नावाने हाक मारतं. कधीतरी वहीतलं ते पान उघडतो, दुरुस्तीसाठी पेन काढतो. खिडकीत कावळा ‘काव’ करतो. मी वही मिटून ठेवतो.