दीड ते दोनची फौज

आमच्या केबिनमध्ये किस्से कसे जमतात सांगू? प्लांटच्या काळ्या धुळीसारखे. सकाळी टेबल स्वच्छ पुसावं, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत बोट फिरवलं की परत रेघ उमटते. आम्ही काही मुद्दाम जमवत नाही हो. आम्ही नुसतं बसतो, ते आपोआप जमतात.

आणि सगळ्यांचा प्रश्न एकच. "तुम्ही बायका, आणि हा बंदुकीचा गेम? काहून?" भाऊ विचारतो, नवरा विचारतो, कंपनीच्या बसचा ड्रायव्हरही आरशातून पाहून विचारतो. आधी मी उत्तर द्यायची. आता आधी खुर्चीवर टेकते. उभ्यानं सांगायची ताकद राहिली नाही.

तर ऐका. छत्तीसगढातल्या सिलतऱ्याचा एक लोखंडाचा प्लांट. माणसं शेकड्यानं, आणि आमच्या डिस्पॅचमध्ये बायका चार. सकाळी आठला शहरातल्या मराठी वस्तीतून, तात्यापाऱ्यातून बस, संध्याकाळी सातला परत. नवा ट्रककाटा बसला तेव्हा जुन्या काट्याची केबिन आम्हाला जेवायला मिळाली. एक कूलर, चार खुर्च्या. दीड ते दोन सुट्टी. वीस मिनिटांत एक डाव होतो. चार जणींची टीम, विमानातून उडी मारायची, बंदुका शोधायच्या, आणि शेवटपर्यंत जिवंत राहायचं. बस, एवढंच.

*

सुरुवात काजलनं केली. काजल म्हणजे आमची डेटा एन्ट्रीवाली, चोवीस वर्षांची पोट्टी. घरी सगळे मराठी, पण हिला मराठीत विचारा, हिंदीत उत्तर देईल. ती एकटीच कोपऱ्यात डब्यातली पोळी एका हातात धरून ठॉय ठॉय करत बसायची.

एक दिवस शोभाताई तिच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या. शोभाताई काट्यावरच्या. तीस वर्षं ट्रकांची वजनं लिहून राहिल्या. ऑफिसमध्ये सगळ्यात मोठ्या, सगळ्यात थकलेल्या, आणि सगळ्यात कमी बोलणाऱ्या.

"यात मेल्यावर काय होते वं?"

"कुछ नहीं ताई, फिर से चालू हो जाता है."

"पयल्यापासून?"

"हाँ, एकदम पहले से."

"मधात कोनी चाय मांगते काय?"

"गेम में? नहीं ताई!"

शोभाताईंनी पदराला हात पुसले, फोन पुढे केला. "दे मले टाकून."

*

शोभाताई असं काहून बोलल्या, ते सांगावं लागेल. त्यांच्या घरच्यांना, म्हणजे आमच्या भाऊजींना, दोन वर्षांपूर्वी लकवा मारला. भाऊजी रेल्वेत होते, यार्डात शंटिंगवर. आवाज असा, की झेंडी न दाखवता नुसत्या ओरडण्यानं इंजिन थांबवायचे म्हणतात! आता उजवं अंग गेलं आणि बोलणंही गेलं. एकच शब्द उरला, होकाराचा. "हव."

भूक लागली? हव. नाही लागली? हव. डॉक्टरनं विचारलं, तुमचं नाव काय? हव.

दिवसभर त्यांच्याजवळ धाकटी जाऊ बसते. शोभाताई पहाटे उठून त्यांचं सगळं करतात, मग बस पकडतात, आणि संध्याकाळी उतरल्या की परत तेच. स्वतःचा म्हणावा असा त्यांच्या दिवसात तो अर्धाच तास. दीड ते दोन.

पण त्याचीही रीत होती. दीडला पाच मिनिटं कमी असताना घरी फोन लावायच्या. जाऊ फोन भाऊजींच्या कानाला लावायची.

"जेवले काय?"

"हव."

"मी खेळाले जाऊ काय?"

"हव."

मग फोन ठेवून आमच्याकडे पाहायच्या. "चला. परवानगी भेटली."

आम्ही हसायचो. म्हटलं, ताई, ते तर कशालाही हव म्हणतात! त्या म्हणाल्या, "म्हनू दे ना. चाळीस वर्षात पयल्यांदा माह्या सगळ्या गोष्टीले हो म्हनून राहिले."

*

सरोज दीदी स्टोअरवाल्या, इथल्याच, बोलणं छत्तीसगढी. गेममध्ये उतरल्या की त्यांचा बाजार सुरू. बाकीच्या बंदूक शोधतात, सरोज दीदी मलमपट्ट्या, गोळ्या-औषधं, हेल्मेट, पेट्रोलचा डबा, जे दिसेल ते पिशवीत. काजल ओरडायची, "दीदी, इतना क्यों उठा रही हो?"

"रख ले न, काम आही!"

एकदा आम्ही शेवटच्या दोन टीममध्ये आलो. समोरचा दाराआड, आत सरोज दीदी एकट्या. काजल म्हणाली, "दीदी, मारो! आपके पास क्या है?"

सरोज दीदींनी पिशवी पाहिली. "बाईस पट्टी हे. बंदूक रखे के जगा नइ बाचिस."

*

सगळ्यात जास्त डाव आम्ही कशात हरलो? भेटायला जाण्यात.

त्या गेममध्ये गोळी लागली की माणूस एकदम मरत नाही. खाली पडतो, गुडघ्यावर रांगतो. टीममधल्या कोणी जवळ जाऊन उठवलं तर वाचतो. आता शहाण्या टीममध्ये एक जाते, बाकीच्या पहारा देतात. आमच्यात एक पडली की तिघी धावतात! एक उठवते, दुसरी बाजूला बसते, तिसरी "लय लागलं काय वं?" विचारते. समोरचा एक बॉम्ब टाकतो, आणि चौघी खलास.

काजलनं एकदा फोन टेबलावर आपटला. "आप लोग मय्यत में आते हो क्या?"

आम्ही माना खाली घातल्या, आणि ठरलं, पडलेलीजवळ कोणी जायचं नाही. दुसऱ्या दिवशी काजल स्वतः पडली, तेव्हा तिच्याजवळ कोणी गेलं नाही. ठरल्याप्रमाणे! दोन मिनिटं ती रांगत राहिली, मग बारीक आवाजात म्हणाली, "कोई आ नहीं रहा क्या?"

तिघी धावलो. चौघी खलास. त्यानंतर त्या नियमाचं नाव कोणी काढलं नाही.

*

आणखी एक नियम होता, माईक बंद. बाईचा आवाज ऐकला की समोरच्यांना काय काय सुचतं, ते मी इथे लिहीत नाही. चौघी एकाच टेबलावर बसतो, आम्हाला माईक कशाला?

एकदा काजल सुट्टीवर होती म्हणून टीममध्ये चौथा कोणी अनोळखी ऑनलाइन जोडला गेला. आवाजावरून चाळिशीचा तरी असावा. आणि माझा माईक चुकून उघडा. मी काहीतरी बोलले, झालं!

"अरे, लेडीज लोग! घर में खाना-वाना नहीं बनाना क्या?"

माझे कान तापले. दिवसभर हेच ऐकायचं, आणि आता इथेही? मी काही बोलणार, तेवढ्यात शोभाताई माझ्या फोनवर वाकल्या, शांतपणे म्हणाल्या, "बना दिया भैया. सुबे पाँच बजे. आपने खाया क्या?"

तिकडचा आवाज एकदम उतरला. मग म्हणाला, "नहीं खाया दीदी. टाइम नहीं मिला."

त्या डावात आम्ही पडलो तेव्हा त्यानं आम्हाला तीनदा उठवलं, आणि एकदाही तोंड उघडलं नाही.

*

शोभाताईंचा निशाणा काही खास नव्हता, पण कान! गेममध्ये गाडीचा आवाज आला की काजलच्या महागड्या हेडफोनच्या आधी त्यांना कळायचं. "डाव्या बाजूनं येऊन राहिली. नवीन ड्रायव्हर आहे, गाडी तानून राहिला." दहा सेकंदांत ती जीप झाडावर! तीस वर्षं न पाहता ट्रक भरला की रिकामा ते सांगायच्या, त्यांना ही जीप काय अवघड?

फक्त मागे पाहायच्या नाहीत. खिडकीत बसल्या की नाकासमोर. दर वेळी मागून कोणीतरी येऊन मारायचा. काजलचा घसा बसायचा, "ताई, पीछे! पीछे देखो!"

शोभाताई म्हणायच्या, "लय वर्ष मागचंच पाहून राहिली बाप्पा. आता समोर पाहू दे."

आणि गंमत म्हणजे सेफ्टी ड्रिलमध्ये आमचाच नंबर पहिला! भोंगा वाजला तसे बाकीचे चहा संपवत बसले, आम्ही चौघी मात्र सवयीनं पळत सुटलो, गेममध्ये वेळेत गोलाच्या आत पोहोचायचं असतं तसं. सेफ्टी ऑफिसर इतका खूश, की त्यानं शोभाताईंना सगळ्यांसमोर दोन शब्द बोलायला लावले.

त्या माईकसमोर उभ्या राहिल्या. "समोर तं सगळेच पाहतात. मारनारा मांगून येते. मांगे पाहत जा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. काजलनं कपाळाला हात लावला.

*

मग महिनाअखेरीस शोभाताई रिटायर झाल्या. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. साहेब म्हणाले, अब आराम कीजिए. आम्ही तिघी एकमेकींकडे पाहून राहिलो. आराम! जावेनं आधीच सांगून टाकलं होतं की आता तुम्ही घरी आहात, तुमचं तुम्ही पाहा.

शेवटच्या दिवशी दीडला खेळलो. हरलो. बसमध्ये मी म्हटलं, "ताई, घरून खेळा ना. तोच गेम, तोच टाइम."

"नाही जमत वं," त्या म्हणाल्या. "हा मानूस असा पडून, अन् मी बाजूले बसून बंदुकी चालवू? इथून विचारलं तं गोष्ट वेगळी होती." घड्याळाचा खोका मांडीवर घेऊन त्या खिडकीबाहेर पाहत राहिल्या. मला लय वाईट वाटलं, आणि करता काहीच येत नव्हतं.

*

तीन दिवस आम्ही तिघीच खेळलो. चौथी जागा रिकामी ठेवली. सरोज दीदींनी शोभाताईंसाठी पट्ट्या उचलल्या, सवयीनं.

चौथ्या दिवशी दीड वाजला, काजल डाव सुरू करणार, आणि एकदम ओरडली, "ताई! ताई ऑनलाइन है!"

खरंच, हिरवा दिवा. "शोभा काटावाली", काजलनंच ठेवलेलं नाव. आम्ही लगेच आत घेतलं.

"हॅलो? ऐकू येऊन राहिलं काय वं? हा माईक काजलच बंद करून देत जाय. मले नाही समजत, राहू दे चालू."

"ताई, भाऊजी?" मी विचारलं.

"यांच्याच पलंगावर बसली. तकिया लावून बसवलं यायले, फोन दिसन असं. तीन दिवस झाले, दीड वाजत आला की हे त्या नवीन घड्याळाकडं पाहत, मंग माह्याकडं पाहत. शेवटी आज विचारलं, खेळू काय जी?"

"मग?"

"मंग काय! हव म्हनले."

आम्ही उतरलो. एक दुमजली घर सापडलं. शोभाताई वर खिडकीत बसल्या, नाकासमोर, नेहमीसारख्या. आम्ही तिघी खाली. माईकमधून त्यांच्या घरच्या पंख्याचा आवाज येत होता.

आणि मग पुरुषाचा आवाज आला. जड, अडकलेला, जाम झालेलं दार कोणी खांद्यानं ढकलावं तसा.

"मा... मां... मांगे! मांगे पाह!"

मागे कोणीच पाहिलं नाही. सरोज दीदींचा हात तसाच हवेत. मी काजलकडे, काजल माझ्याकडे. वर मागून आलेल्यानं आरामात नेम धरला, शोभाताई पडल्या. आणि आम्ही तिघी जिना चढून धावलो, एकदम, एकाच वेळी. चौघी खलास.

डाव संपला, पण माईक चालूच होता. मग शोभाताईंचा आवाज, इतका मोठा मी तो कधीच ऐकला नव्हता.

"काय म्हटलं जी तुमी? अवं पोरीहो, ऐकलं काय तुमी? काय म्हटलं? परत म्हना! एकडाव परत म्हना ना!"

पंखा फिरत होता. आम्ही तिघी फोनवर वाकलो.

"हव."