चारकोपचं मैदान आणि गावडेंची नोटीस

आमच्या खात्यात फायली साचतात हे सगळ्या जगाला माहीत आहे. किस्से त्याहून जास्त साचतात, पण पंचनाम्यात किस्सा लिहायला रकानाच नाही! मग ते असे चहाला बसल्यावर बाहेर पडतात. तुम्ही विचारलंत, आता ऐका.

मी सरकारी मोकळ्या जागा सांभाळणाऱ्या खात्यात फील्डची प्रमुख. ऑफिस वांद्र्याला, आणि फिरणं अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत. काम काय? सरकारची जागा कुठे सुरू होते, कुठे संपते ते मोजायचं. तिच्यावर कुणी बसला असेल तर त्याला उठवायचं. आणि तो परत बसू नये म्हणून बोर्ड लावायचा. ऐकायला सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं.

बोर्डाचंच घ्या. मुलुंडला एका रिकाम्या प्लॉटवर आम्ही चांगला जाड पत्र्याचा बोर्ड लावला. ‘ही जागा शासनाच्या मालकीची आहे. अतिक्रमण करणाऱ्यावर कारवाई केली जाईल.’ आठवड्यात बोर्ड गायब! दुसरा लावला, तोही गायब. तिसरा गेला तेव्हा माझं डोकं सटकलं. स्वतः गेले.

प्लॉटच्या कोपऱ्यात एक नवीन कोंबडीचं दुकान. आत गेले, सहज वर बघितलं. छपराला तीन पत्रे, आणि तिन्हींवर आतल्या बाजूने ठळक अक्षरांत ‘शासनाच्या मालकीची’! मी मालकाकडे बघितलं. तो जराही गडबडला नाही.

“मॅडम, तुमचेच आहेत. सांभाळून ठेवलेत. बाहेर उन्हापावसात गंजले असते ना!”

*

आता आमच्या गावडेंची ओळख करून देते, कारण पुढे सगळं त्यांच्याभोवतीच आहे. गावडे आमचे सर्व्हेअर. मूळचे मालवणकडचे, अंगाने काटकुळे, खिशात कायम खडू. नियमाला इतके पक्के की आपण हो म्हटलं तरी विचारतील, “लेखी देता?” माझी त्यांच्याशी रोज एकदा तरी खडाजंगी व्हायची, आणि त्यांच्याशिवाय माझं पानही हलायचं नाही.

त्या महिन्याच्या एकतीस तारखेला गावडे रिटायर होणार होते, आणि त्यांचा जीव अडकला होता चारकोपच्या एका प्लॉटमध्ये. मुलांच्या मैदानासाठी राखीव जागा. नोकरीला लागले तेव्हा पहिली मोजणी त्यांनी तिथली केली. त्यानंतर तिच्यावर काय काय आलं! रोपांची नर्सरी आली, चहाची टपरी आली, गॅरेज आलं. मैदान तेवढं आलं नाही. आणि गंमत बघा, पुढे गावडेंना सोडतीत घर लागलं ते त्याच प्लॉटच्या समोर, दुसऱ्या मजल्यावर. सकाळी उठून खिडकी उघडली की समोर स्वतःचं अपयश!

गावडेवहिनी तर त्यांना सोडतच नसत. मी एकदा घरी गेले होते, माझ्या देखत म्हणाल्या, “सगळ्या मुंबयची अतिक्रमणां काढतास, आणि खिडकीसमोरचा तुमका दिसणा नाय?”

गावडेंनी सोलकढीची वाटी तोंडाला लावली.

शेवटी वरून आदेश आला. एकतीस तारखेपर्यंत प्लॉट पूर्ण रिकामा करून द्या, तर मैदानाचं काम लगेच सुरू. नाहीतर पुढच्या वर्षी बघू. आमच्याकडे ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको! आणि जागा रिकामी असल्याच्या दाखल्यावर सही सर्व्हेअरची. म्हणजे गावडेंची, त्यांच्या शेवटच्या दिवशी.

“मॅडम,” गावडे मला म्हणाले, “एक कुंडी जरी राहिली ना, तरी मी सही करणार नाही.”

“अहो, कुंडीने काय होतंय?”

“कुंडीनेच सुरुवात होते.”

*

नोटीस द्यायची गावडेंची एक पद्धत होती, ती नीट लक्षात ठेवा. दार तीनदा वाजवायचं. प्रत्येक वेळी पूर्ण नाव घेऊन हाक मारायची. कुणी घेतली नाही तर दोन पंच उभे करून नोटीस दारावर चिकटवायची आणि फोटो काढायचा. एवढं केलं की नोटीस बजावली. मग समोर कुणीही असो.

घाटकोपरला एका गृहस्थांनी सरकारी जागेत दोन खोल्या वाढवल्या होत्या. गावडेंनी दार वाजवलं. बनियनमधले एक काका बाहेर आले. गावडेंनी नोटिशीवरचं नाव घेतलं.

“ते घरी नाहीत,” काका म्हणाले.

“मग तुम्ही कोण?”

“मी त्यांचा भाऊ.”

“तुमचं नाव?”

काकांनी बनियन खाली ओढलं. मग म्हणाले, “आमच्या घरात सगळ्यांचं तेच नाव आहे.”

गावडेंनी शांतपणे लिहून घेतलं आणि वर म्हणाले, “मग तुम्ही घेतली तरी चालेल.”

*

बोरिवलीचा किस्सा वेगळाच. तिथे ज्येष्ठ नागरिकांनी सरकारी जागेत छान शेड बांधून बाकं टाकली होती. सकाळी योगा, संध्याकाळी पत्ते. मी स्वतः नोटीस घेऊन गेले. त्यांचे अध्यक्ष कोण? तर मंत्रालयातून रिटायर झालेले एक मोठे अधिकारी. त्यांनी चष्मा लावला, नोटीस वाचली, खिशातून लाल पेन काढलं.

“परिच्छेद दोनमध्ये संदर्भ क्रमांक नाही. तीनमधलं वाक्य कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, ते तुम्हाला तरी कळलंय का? दुरुस्त करून आणा. मग स्वीकारतो.”

आणि मी मूर्खासारखी दुरुस्त करून नेली हो! दुसऱ्यांदाही लाल रेघा मारल्या त्यांनी. तिसऱ्या वेळी मात्र दोनदा वाचली, मान डोलावली आणि सही केली. बाकीचे म्हातारे ओरडले, “अहो साहेब, सही काय करता? आपली शेड जाणार!”

“जाऊ दे,” साहेब म्हणाले. “इतक्या चांगल्या ड्राफ्टला नाही म्हणवत नाही.”

*

उचललेलं सामान जातं कुठे, हे मला सगळे विचारतात. हातगाड्या, काउंटर, पत्रे, ताडपत्र्या, सगळं अंधेरीच्या आमच्या गोडाऊनमध्ये. तिथे परब स्टोअरकीपर. भला माणूस, पण गोडाऊन आधीच गच्च भरलेलं. एक दिवस शेवटची हातगाडी आत ढकलली आणि बसायलाही जागा उरली नाही. बिचारे खुर्ची, टेबल आणि रजिस्टर घेऊन बाहेर फुटपाथवर बसले.

तेवढ्यात दुसऱ्या खात्याची, फुटपाथ साफ करणारी गाडी आली. परब जरा चहा आणायला गेले होते. गाडीवाल्यांनी खुर्ची उचलली, टेबल उचललं, वर आमचं जप्त मालाचं रजिस्टरही उचललं!

परबांचा फोन. “मॅडम, आपलीच जप्ती झाली!”

मी तेव्हा मुलुंडला भर उन्हात उभी, समोर पन्नास माणसं भांडतायत. रजिस्टर सोडवून आणायला एकाला पाठवलं. परबांनी विचारलं, “आणि उद्यापासून येणारा माल कुठे ठेवू?”

मी वैतागून म्हटलं, “ठेवा हो कुठेतरी आपल्याच जागेवर! एवढ्या जागा आहेत सरकारच्या!” आणि फोन ठेवला. विषय संपला, असं मला वाटलं.

*

इकडे चारकोपला काम झकास चाललं होतं. टपरीवाला गेला, नर्सरीवाला गेला. जाताना त्याने गावडेंना मोगऱ्याची कुंडी दिली, ती गावडेंनी तिथल्या तिथे परत केली. उरलं गॅरेज.

मुदत मागणं हा आपल्या लोकांचा जन्मसिद्ध हक्क आहे. कुणाच्या मुलीचा साखरपुडा, कुणाचा गणपती, कुणाच्या मेव्हण्याचं ऑपरेशन. सुरुवातीला मी विरघळायचे. मग शहाणी झाले. माझं एकच वाक्य सगळ्या उपनगरात फेमस झालं, “मुदत मिळणार नाही. सामान उचला!”

गॅरेजवाल्यालाही तेच सांगितलं. जेसीबी लावला, पोलीस आले, ड्रायव्हरने गिअर टाकला आणि गावडे मध्येच हात वर करून उभे! काउंटरखाली कुत्री व्यायली होती. पाच पिल्लं, डोळेही उघडले नव्हते.

गर्दी माझ्याकडे बघतेय. मी जेसीबीकडे बघतेय. जेसीबीवाला म्हणाला, “मॅडम, अपुन से नहीं होगा.” खरं सांगते, माझ्याकडूनही झालं नसतं. गॅरेज पाडायचं थांबवलं. कुत्रीला दहा दिवस दिले.

झालं! गॅरेजवाला उसळला. “मॅडम, ये क्या बात हुई? मी चार वेळा हात जोडले, मला मुदत नाही, आणि कुत्रीला दहा दिवस?”

गावडेंनी फाइल उघडली, पान उलटलं आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, “तिला नोटीस बजावलेली नव्हती.”

दहा दिवसांनी वहिनींनी कुत्री आणि पिल्लं बिल्डिंगच्या जिन्याखाली नेली आणि गॅरेज गेलं. तारीख तेवीस. मी गावडेंना फोन करून म्हटलं, “अभिनंदन! झालं तुमचं मैदान.”

“उद्या शेवटची मोजणी करतो, मग बोलू,” गावडे म्हणाले. हा माणूस आनंदसुद्धा मोजून घेणार!

*

चोवीस तारखेला दुपारी मी वांद्र्याला केबिनमध्ये. शिपाई आत आला, चेहरा कसनुसा. “मॅडम, गावडे आलेत. नोटीस घेऊन.”

“कुणाची?”

“तुमची.”

झालं होतं असं. गॅरेज पडल्यावर त्याच्या मागचा कोपरा पहिल्यांदा नीट दिसला. तिथे भिंतीला लागून पत्र्याची चांगली मोठी शेड. दाराला कुलूप, आत बघावं तर हातगाड्या, काउंटर, ताडपत्र्या. गावडेंनी आजूबाजूला चौकशी केली, कुणाला काही माहीत नाही. शेवटी वर खिडकीकडे बघून वहिनींना विचारलं. वहिनी म्हणाल्या, “ता आसा कधीपासून! तुमी हापिसात गेलास की सरकारी गाडयेतसून सामान येय. माका वाटला, तुमका म्हायत आसतला!”

परबांनी माझा शब्द पाळला होता. आपल्याच जागेवर ठेवलं होतं सगळं. वर दाराच्या बाजूला लोंबणारी ताडपत्री सारली, तर मागे आमच्याच ऑफिसची पाटी, आणि पाटीवर जबाबदार अधिकारी म्हणून माझं नाव!

आता मला सांगा, तुम्ही असता तर काय केलं असतं? इतकी वर्षं मी लोकांना हसले, त्या घाटकोपरच्या काकांना तर किती हसले! आणि माझ्या तोंडून काय निघावं?

“सांग त्यांना, मॅडम मीटिंगमध्ये आहेत!”

शिपाई बाहेर गेला. मग दार वाजलं.

“श्रीमती स्मिता अनंत राणे!”

मी फाइल तोंडासमोर धरली. पुन्हा दार वाजलं, पुन्हा पूर्ण नाव. सगळा मजला ऐकतोय! तिसऱ्यांदा वाजलं. मग दारावर ओल्या डिंकाचा ब्रश फिरल्याचा आवाज, आणि मागोमाग मोबाइलचा खटॅक.

मी उठून दार उघडलं. दारावर नोटीस. डावीकडे आमची टायपिस्ट, उजवीकडे कँटीनवाला अण्णा, दोघे पंच म्हणून ताठ उभे. मध्ये गावडे. चेहऱ्यावर रेष हललेली नाही. सात दिवस राहिले होते त्यांचे, आणि सात दिवसांचीच नोटीस होती.

“गावडे,” मी हळूच म्हटलं, “अहो, गोडाऊन गच्च आहे. एवढं सामान नेऊ कुठे? थोडी मुदत द्या ना.”

“मुदत मिळणार नाही, मॅडम. सामान उचला.”

“अहो, कुत्रीला दिली होती!”

“तिला नोटीस बजावलेली नव्हती.”

एकतीस तारखेला दुपारी चार वाजता चारकोपच्या प्लॉटवरून शेवटची हातगाडी बाहेर निघाली. एक चाक वाकडं, परब पुढून ओढतायत, मी मागून ढकलतेय, साडीचा पदर खोचून. समोर गावडे दाखला हातात घेऊन उभे, पेनाचं टोपण काढलेलं, सही अजून नाही. आणि दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून वहिनींचा आवाज.

“ओ मॅडम! वायच डावीकडसून घेवा! थंय पोरांचे स्टंप आसत!”