पायातली उघाडी

पेणच्या खाडीला आमच्या गावानं बांध घातलेला, आणि त्या बांधाला उघाडी. उघाडी म्हणजे लाकडी दार. ओहोटीला उघडून शेतातलं पाणी बाहेर सोडायचं, भरतीला मिटायचं. ती राखायचं काम माझं. शाळेत मी दुसरीपर्यंतच बसलो, पण पाण्याचा आवाज मला कळतो. बांधावर आडवा होऊन कान लावला की खेकड्यानं भोक कुठं पाडलंय ते मी हात ठेवून दाखवायचो.

पुढं डावा पाय धरायला लागला. चाललं की पोटरी दगड, थांबलं की मोकळी. शीर चढलीय, म्हणायचो. रोह्याला दिलेली लेक म्हणाली, "बाबा, उघाडी आता दुसऱ्या कुणाला द्या." दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाय. उघाडी दिली तर मी कोण उरणार? शेवटी, नुसतं दाखवायचं, असं बजावून रोह्याला गेलो.

डॉक्टरीणबाई लेकीच्याच वयाच्या. त्यांनी जांघेत गार, बुळबुळीत मलम लावलं, पेनासारखी नळी टेकवली आणि ट्रान्झिस्टरएवढ्या डबीतून माझं रक्त बोलायला लागलं. सुई नाय, काप नाय. दुपारची वेळ, पंखा सावकाश फिरत होता. डोळे मिटले तसा मी खाडीवर गेलो. उजव्या पायात लाट बांधाला लागत होती, थप, थप. डाव्यात मात्र शिट्टीसारखी सळसळ.

"ऐकलंस गो?" मी लेकीला म्हटलं. "ह्याच पायात जोर जास्ती हाय."

"बाबा, गप पडा."

डॉक्टरीणबाईंनी नळी घोट्याशी नेली. तिथं अगदी मंद, लांबून वारा यावा तसं.

"वर एवढा आवाज, खाली एवढासा. असं कशानं होतं, काका?"

मी डोळे उघडले. उघाडीच्या दारात गाळ बसला की फटीतून पाणी असंच ओरडतं, आणि पलीकडच्या चरात पाऊल भिजत नाय. उभा जन्म हे मी लोकांना सांगितलं. स्वतःच्या पायात त्यालाच जोर म्हणालो.

"गाळ हाय," मी म्हटलं. "दार अडलंय."

"बरोबर. विडी ओढता?"

मी काय बोलायच्या आत लेकीनं माझ्या खिशातलं बंडल काढून टेबलावर ठेवलं.

विडी बंद. गोळ्या चालू. रोज पाय धरेपर्यंत चालायचं, थांबायचं, परत चालायचं. ऐकलं नाही तर मुंबईला ऑपरेशन, आणि तेही जमलं नाही तर पाय. 'पाय' म्हणून त्या थांबल्या.

मी चाललो. उघाडीपर्यंत जाताना आधी चार जागी बसायचो, मग दोन. बांधावर एकटा असलो की वाटायचं, पाणी बाहेर वाजतंय का माझ्या आत, सांगता येत नाय.

काही महिन्यांनी पुन्हा नळी लावली. जांघेतली शिट्टी होती तिथंच होती. घोट्याशी मात्र आवाज भरला होता.

"आजूबाजूच्या बारक्या चरांनी वाट काढलीय पाण्यानं," मी डॉक्टरीणबाईंच्या आधी बोललो.

त्या हसल्या. घरी जाताना लेकीनं उघाडीचा विषय काढला नाय. ओहोटी कधी आहे, एवढंच विचारलं.